वेळणेश्वरला, डाव्या अंगाने

आमच्या घरापासून वेळणेश्वर किती लांब आहे ते मला नक्की सांगता येणार नाही, कारण आम्ही सरळ गेलोच नाही. एस.टी.ने सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला तिथे पोचतो म्हणतात. आम्हाला दोन दिवस लागले, आणि तेही स्वतःची जीप असताना.

हे मी शालूच्या जुन्या वहीच्या उरलेल्या पानांवर लिहिते आहे. वही पेटीत लुगड्यांच्या खाली असते. ती कोणाला दाखवायची नाही. तरी जी बाई कधी सावर्ड्याच्या पुढे गेली नाही ती हे वाचते आहे असं समजून लिहिते, कारण अगदी अलीकडेपर्यंत ती बाई मीच होते.

निघताना

शालू माझी नणंद, अठ्ठावीस पुरी झालेली. याआधी दोन ठिकाणी तिचं लग्न जमत आलं आणि मोडलं. दोन्ही वेळा मोडणारा माणूस नव्हता, देव होता. आमच्या गावात मोठं काम कौल लावल्याशिवाय होत नाही. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे बघत बसतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. शालूच्या दोन्ही वेळा डावी पडली.

माझे सासरे, ज्यांना सगळा गाव आबा म्हणतो, ते कौलाच्या बाहेर पाऊल टाकत नाहीत. त्याला कारण आहे. थोरल्या मुलीचं लग्न त्यांनी घाईघाईत, देवाला न विचारता केलं होतं. ती तिसऱ्या वर्षी बाळंतपणात गेली. तेव्हापासून आबा म्हैस घ्यायची असली तरी देवाला विचारतात. लोक त्यांना हसतात. मला कधी हसू आलं नाही.

या वेळचं स्थळ वेळणेश्वरचं होतं. मुलगा वसंत. बोटीवर इंजिनाचं तेलपाणी बघतो. शालूने त्याला एकदाच पाहिलं होतं, चिपळूणला एका लग्नात. मांडवातला जनरेटर बंद पडला तेव्हा हा जेवणाच्या पानावरून उठला, तो उघडून चालू केला, आणि काळं झालेलं तोंड घेऊन परत येऊन बसला. सगळे हसले. शालूने त्याला हात धुवायला साबण दिला. घरी आल्यावर ती मला म्हणाली, "वहिनी, भरल्या पानावरून उठला, पण कोणावर खेकसला नाय बघ." मी समजले.

त्याच्या रजेचे आठ दिवस उरले होते. पुढे वर्षभर पाण्यावर. त्याच्या आईचा पाय मोडलेला, म्हणून तुम्हीच मुलीला घेऊन या असा निरोप आला. आमच्याकडे मुलाकडची माणसं येतात, पोहे खातात, कळवतो म्हणून जातात. मुलगी घेऊन आपण जायचं म्हणजे भाजी विकायला निघाल्यासारखं. पण मोडलेल्या पायापुढे रीत काय करणार?

आदल्या दिवशी कौल लावला, तर दोन्ही पाकळ्या चिकटून राहिल्या. दोन तास गेले, एकही हलेना. गुरवाची भाकरी घरी थंड होत होती. शेवटी तो उठलाच.

"आबा, देव आज हितं बोलत नाय. वाटेत बोलंल. तुमी निघा, आणि उजवं-डावं बगत जावा."

या एका वाक्याने पुढचं सगळं घडवलं.

जीप बाळूभावजींची. ते आमच्या ह्यांचे चुलतभाऊ. हे मुंबईला कामाला, म्हणून घरातलं धावपळीचं सगळं बाळूभावजी बघतात. ही जीप त्यांनी लिलावात घेतली. मिलिटरीची आहे म्हणतात. जीपविषयी कोणी वाकडा शब्द काढला तर ते त्याच्या घरचं पाणी पीत नाहीत. त्यामुळे त्यांना आता गावात फारशा घरांत पाणी मिळत नाही.

आबा पुढे बसले. मागे दोन बाजूंना दोन लांब बाक. शालू डाव्या बाकावर, मी उजव्या. आबांनी सदऱ्याच्या उजव्या खिशात मूठभर सुपाऱ्या घेतल्या होत्या. त्या खाण्यासाठी असतील असं मला वाटलं.

सावर्डे ते चिपळूण

गावच्या हद्दीबाहेर पडलो आणि जीप डावीकडे वळली. रस्ता वळला नव्हता, फक्त जीप वळली, आणि शेताच्या बांधाला नाक लावून उभी राहिली.

आबांनी हात जोडले. मग उजव्या खिशातून एक सुपारी काढून डाव्या खिशात टाकली.

"एक," ते म्हणाले.

शालूने माझ्याकडे पाहिलं. सुपाऱ्या कशासाठी होत्या ते आम्हा दोघींना एकदम कळलं.

"काय झालं रे बाळू? गाडीत काय बिघाड?" आबांनी विचारलं. ते विचारत होते, हे मला इथे मुद्दाम लिहून ठेवायचं आहे. ते सरळ माणूस आहेत.

बाळूभावजींनी तेव्हा खरं सांगितलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण ते म्हणाले, "बिघाड? ह्या गाडीत? आबा, स्टेअरिंग लोण्यावानी आहे. मी धरलंवतं सरळच. तीच वळली."

"तीच वळली?"

"आपसूक."

आबांनी परत हात जोडले.

चिपळूण येईपर्यंत जीप आपसूक आणखी चार वेळा वळली. एकदा एका देवळाकडे, तेव्हा आबांनी उतरून नारळ फोडला. एकदा चहाच्या हाटेलाकडे, तेव्हा बाळूभावजी म्हणाले, "बगा, तिला कळतं तुमाला चा लागतो." एकदा म्हशींच्या कळपाकडे. म्हशी काही कमी नव्हत्या, त्या जागच्या हलल्या नाहीत, जीपच थांबली. आणि एकदा एका बाईच्या वाळत घातलेल्या गोधडीवर. त्या बाईने जे शब्द वापरले ते मी लिहिणार नाही, पण लक्षात ठेवले आहेत.

दर वेळी एक सुपारी उजव्या खिशातून डाव्या खिशात गेली. उजवीकडे जीप एकदाही वळली नाही. बाळूभावजी स्टेअरिंग सतत उजवीकडे ओढून धरत होते. त्यांचं सगळं अंग तिकडे कललेलं, उजवा दंड थरथरतोय, मानेवर घाम. कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, हा माणूस विहिरीतून पोहरा ओढतोय. तरी तोंडाने चालूच, "काय झुळझुळ चाललीय बगा!"

चिपळूण मी पहिल्यांदाच बघितलं. बाजारात इतके आंबे की वासाने डोकं जड झालं. आमच्याकडे आंबा मोजून वाटतात, तिथे डुकरं खात होती. शालूला बांगड्या बघायच्या होत्या, पण आबा खाली उतरायला तयार नव्हते. डाव्या खिशावर हात ठेवून बसून होते.

"आबा, चिपळूणला फेरा घालूया का, आलोय तर?" शालूने विचारलं.

"पाच झाल्या गो बाय," आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

मार्गताम्हाने

गुहागरच्या रस्त्याला लागलो आणि आणखी तीन सुपाऱ्या गेल्या. नववी गेली ती मार्गताम्हान्याच्या अलीकडे. तिथे जीप रस्ता सोडून, जांभ्या दगडाच्या कुंपणाचा पडका गडगा ओलांडून, एका घराच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, जाऊन थांबली. खळंभर कोकमाची सालं वाळत घातलेली होती. आम्ही बरोबर मधोमध उभे. चाकं, बंपर, आबांचं धोतर, सगळं लाल झालं. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं की फार मोठा अपघात झाला.

घरातून एक जाडजूड काकू हातात खराटा घेऊन आली.

"आवं, रस्ता तकडं हाय! हितं माझी आमसुलं हायत!"

"माफ करा बाय," आबा उतरून म्हणाले. "देवाने आणलं."

"देवाला काय रस्ता दिसत नाय होय?"

पण कोकणातली बाई. दारात माणूस आला की आधी भांडते आणि मग वाढते. तिने आम्हाला पडवीत बसवलं आणि तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि ताज्या कोकमांचं सार वाढलं. आमच्याकडे नाचणीची भाकरी असते. समुद्र जवळ येईल तशी भाकरी पांढरी होत जाते, हे मी या प्रवासात पाहिलं.

जेवताना आबांनी डाव्या खिशातून नऊही सुपाऱ्या काढून पानाशेजारी मांडल्या.

"बाळू, गाडी फिरव. देवाने नऊ वेळा सांगितलंन. आता दहाव्यांदा काय सांगायला लावायचं?"

शालूने भाकरी मोडलेली होती, ती तशीच हातात राहिली. ती रडली नाही. शालू रडत नाही. ती फक्त म्हणाली, "आठ दिवसांनी तो जाईल." आबांनी ऐकलं, पण ते सुपाऱ्यांकडेच बघत राहिले.

मी हात धुवायला म्हणून बाहेर गेले आणि जीपजवळ उभी राहिले. माझ्या वडिलांची बैलगाडी होती. लहानपणी मी त्यांच्याबरोबर मळ्यात जायची. एकदा गाडी सारखी एका अंगाला जायला लागली. बैल बदलले, तरी तेच. तेव्हा वडिलांनी खाली वाकून दाखवलं की आखाला बांधलेलं काढणं, म्हणजे दोर, एका बाजूला सुटलंय, आख मागे सरकलाय, म्हणून ते चाक मागे राहतं आणि गाडी तिकडे ओढते.

मी पदर खोचला आणि वितीने मोजलं. उजव्या बाजूला पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जितक्या विती भरल्या, डाव्या बाजूला त्यात चार बोटं कमी. परत मोजलं. चार बोटंच कमी. मग खाली वाकून पाहिलं. आखावर स्प्रिंगचे लोखंडी पाटे एकावर एक असतात, त्यांच्या मधोमध जो बोल्ट असायला हवा त्याची नुसती भोकं होती, आणि डावीकडचा पुढचा आख मागे घसरून बसला होता. देव कुठे दिसला नाही.

शालू मागून आली. मी तिला दाखवलं.

"मग सांग ना आबांना!"

"मी?"

तिने कपाळाला हात लावला. तिला माहीत होतं. सात वर्षं झाली माझ्या लग्नाला, मी आबांशी एकदाही तोंडाने बोललेले नाही. चहा झाला की कप वाजवते. पाहुणे आले की दार वाजवते. कोणी मनाई केलेली नाही. पहिल्या दिवशी लाजून बोलले नाही, दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाची लाज वाटली, आणि मग दिवस साचत गेले.

"तू सांग," मी म्हटलं.

"मी सांगितलं तर म्हणतील पोरीला लग्नाची घाई झालीय."

शेवटी मी काकूच्या कानात सांगितलं. काकूचा आवाज मोठा होता आणि तिला कोणाची भीती नव्हती. तिने खळ्यात उभं राहून सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, "तुमची गाडी कुर्ली-खेकड्यावानी तिरकी चालते! एक चाक मागं हाय तिचं! शृंगारतळीला हसनमिस्त्री हाय, त्याला दावा!"

बाळूभावजी म्हणाले, "मी या घरचं पाणी पिणार नाय."

"तीन तांबे प्यायलायस मगाशी," काकू म्हणाली.

आबा तयार झाले, पण वेगळ्याच कारणाने. "परत जायला तरी धड गाडी हवी," ते म्हणाले. चाकही देवानेच मागे सारलं असं त्यांनी धरलं होतं, आणि लग्न त्यांच्या मनातून उतरलेलं होतं. रात्र काकूकडे काढली आणि सकाळी आमसुलं झाडून निघालो. बाळूभावजी बैलाच्या चालीने चालवत होते, तरी जीप रस्त्यावर तिरकीच. समोरून येणाऱ्या एस.टी.चा ड्रायव्हर खिडकीतून वाकून बघत राहिला, आणि त्याची एस.टी. उजवीकडे गेली. आबांनी ती मोजली नाही.

शृंगारतळी

हसनमिस्त्रींचं गॅरेज म्हणजे माडाच्या झापांचा मांडव. मिस्त्री साठीचे, पांढरी दाढी, कमरेला लुंगी. तीस वर्षं बोटीवर सुकाणू धरलं, गुडघे गेल्यावर जमिनीवर आले आणि गाड्या बघायला लागले.

त्यांची पद्धत निराळी. बाळूभावजी बोलायला लागले तर त्यांना गप्प केलं. "तुमी बोलू नका. गाडी बोलंल." मग डोळे मिटून पुढच्या टायरांवर तळहात फिरवला, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. कुठे रबर करवतीसारखं झिजलंय ते बोटाला लागत होतं. आबांनी हे पाहिलं आणि चपला मांडवाबाहेर काढून ठेवल्या.

"ह्याच्या अंगात येतं," आबा हळूच म्हणाले.

मिस्त्रींनी मग आम्हाला जसे बसलो होतो तसे परत जीपमध्ये बसायला लावलं. कोणाचं ओझं कुठल्या पाट्यावर येतं ते त्यांना बघायचं होतं. आम्ही अर्धा तास, न हलणाऱ्या जीपमध्ये, प्रवासाला निघाल्यासारखे चेहरे करून बसलो. रस्त्याने जाणारे लोक आम्हाला "कुठं निघालाव?" विचारत होते. बाळूभावजी सवयीने हॉर्न वाजवत होते.

नंतर त्यांनी मासे धरायची तंगूसाची दोरी काढली आणि मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ताणली. उजवीकडे दोरी चाकाला नीट टेकली. डावीकडचं चाक तिरकं आणि मागे.

"सेंटर बोल्ट तुटलाय. क्लॅम्प ढिले. आख सरकलाय चार बोटं."

चार बोटं! मला इतका आनंद झाला की मी कप नसताना वाजवायला काहीतरी शोधू लागले.

"आणि स्टेअरिंगच्या टायरॉडचा सांधा खुळखुळा झालाय," मिस्त्री बाळूभावजींना म्हणाले. "किती म्हयने असं ओढतायस रे? दंड बग तुझा, एक केळीवानी नि एक शेवग्यावानी."

बाळूभावजींनी बाही खाली ओढली.

काम दुपारपर्यंत चाललं. जॅक लावला, क्लॅम्प सोडले, आखाला काथ्याचा दोर बांधून दोराचं दुसरं टोक फणसाला, आणि मधे पहार घालून पीळ देत आख पुढे ओढला. फणसाला फणस लागलेले होते. तीन पडले. तिसरा बॉनेटवर. बोल्ट जीपचा मिळाला नाही तेव्हा मिस्त्रींनी होडीचा एक बोल्ट कापून, घासून बसवला. मी मांडवाच्या कडेला बसून सगळं पाहिलं. इतकं लक्ष देऊन मी देवाची आरतीही कधी पाहिली नसेल.

आबा आणि बाळूभावजी चहाला गेले, शालू विहिरीवर गेली, तेव्हा मिस्त्री एकटेच दोरी लावून चाकं सरळ करत होते. मी उठले. परक्या पुरुषाशी बोलायला मला आबांपेक्षा सोपं गेलं, हे मलाच नवल वाटलं.

"मिस्त्री," मी म्हटलं, "जरा उजवीकडे ओढेल अशी ठेवाल?"

त्यांनी वर पाहिलं. "काय बाय?"

"फार नको. थोडी. आपोआप उजवीकडे गेली पाहिजे."

"लोक माज्याकडं सरळ करायला येतात, बाय."

मग मी त्यांना सुपाऱ्यांचं सांगितलं, शालूचं सांगितलं, साबणाचंही सांगितलं. ते ऐकत होते. मला वाटलं ते हो म्हणतील. ते बराच वेळ तंगूसाला बोट लावून ती वाजवत बसले.

"तीस वर्सं पाण्यात बोट सरळ ठेवलीय मी. जमिनीवर गाडी वाकडी सोडू? उद्या समोरून ट्रक येईल आणि ही त्याच्या अंगावर जाईल. तुजी नणंद लग्नाआदीच जाईल. नाय बाय. माज्या हातनं सरळच जाणार."

मी परत येऊन जागेवर बसले. मी देवाच्या नावाने लबाडी करायला निघाले होते आणि एका अनोळखी माणसाने मला थांबवलं, तेही गाडीच्या काळजीने.

सड्यावर

गावाबाहेर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, रस्ता एकदम सपाट आहे. दोन्ही बाजूंना काळा कातळ, एक झाड नाही. मिस्त्रींना तिथे गाडी तपासायची होती. ते पुढे बसले, म्हणून आबा मागे आले, शालूच्या शेजारी, माझ्या बरोबर समोर.

"आता हात सोड," मिस्त्री म्हणाले.

बाळूभावजींनी हात सोडले. जीप सरळ गेली. नुसती सरळ नाही, ताणलेल्या दोरीवरून सोडल्यासारखी. मिस्त्रींनी मागे वळून आबांकडे पाहिलं, आपला नातू चालायला लागल्यावर बघतात तसं.

"बगा! उजवं नाय, डावं नाय!"

आबांचा चेहरा पडला. ते खिशातल्या सुपाऱ्या चाचपत होते.

"देव मुका झाला," ते म्हणाले. "काल बोलत होता तर नऊ वेळा नको म्हणाला. आज बोलतच नाय. फिरव रे बाळू. घरी चल."

बाळूभावजींनी जीप हळू केली. शालू बाहेर कातळाकडे बघायला लागली. तिच्या हातात पदराची एक गाठ होती, ती सोडत होती आणि परत बांधत होती. जीप वळायला थोडी मागे गेली, आणि माझ्या तोंडातून आवाज आला.

"आबा, थांबा."

तो आवाज फार मोठा निघाला. सात वर्षं न वापरलेला असल्यामुळे त्याचा अंदाज आला नाही.

"देव डावीकडे जात नव्हता. बोल्ट तुटला होता. मी काकूच्या खळ्यात मोजलं, चार बोटं. तुम्ही विचारलंत तेव्हा भावजी खोटं बोलले. आणि मीही आज मिस्त्रींना सांगितलं, गाडी उजवीकडे ओढेल अशी करा म्हणून. त्यांनी ऐकलं नाही. मला तुम्हाला फसवायचं होतं. ते चुकलं. पण शालूला तिथे जायचंय आबा. पाकळ्यांना विचारलंत, जीपला विचारलंत, तिला कोणी विचारलं नाही."

मग मला पुढे शब्द सुचेनात, म्हणून मी बाकावर हाताने टकटक केलं.

जीप बंद पडली.

"बाय खरं बोलते," मिस्त्री म्हणाले.

बाळूभावजींनी स्टेअरिंगवर डोकं टेकलं. "थोडी ओढत होती," ते म्हणाले. "थोडीच."

आबा माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. विहिरीत दगड टाकून आवाजाची वाट बघावी तसं.

"ही कोण बोलली?" त्यांनी शालूला विचारलं.

"वहिनी बोलली, आबा."

"आपली सूनबाय?"

"दुसरी कोण आहे गाडीत?"

"हिला आवाज हाय?" ते म्हणाले. मग त्यांनी बोटांवर मोजलं. "सात वर्सं. सात वर्सांत एक सबूद नाय. आणि आज, देव मुका झाला त्याच घडीला, ही बोलली." ते एकदम ताठ बसले. "बाळू! ही कुठल्या बाजूला बसलीय?"

बाळूभावजींनी मागे पाहिलं, हात वर करून आपला उजवा हात कुठला ते तपासलं आणि म्हणाले, "उजव्या."

आबांनी डाव्या खिशातल्या नऊही सुपाऱ्या उजव्या खिशात ओतल्या आणि मला हात जोडले.

"नाही आबा," मी म्हटलं, "हा कौल नाही. मीच बोलतेय. बोल्ट—"

शालूने समोरून माझ्या पायावर पाय दिला, चांगला जोराने.

"वहिनी," ती दातांतून म्हणाली, "आता गप बस."

आणि मग आबांनी तिच्याकडे वळून विचारलं, "काय गो, जायचंय का तुला?"

"व्हय," शालू म्हणाली.

वेळणेश्वर

मिस्त्रींना सोडून आम्ही निघालो. जीप इतकी सरळ जात होती की बाळूभावजींना सवय नसल्याने ते दोनदा उजवीकडे खड्ड्यात गेले.

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला. उतरणीवर माडांच्या वर एक निळी भिंत उभी दिसली. मला वाटलं आभाळच खाली आलंय. मग त्या भिंतीवर होडी दिसली. याहून जास्त मला सांगता येत नाही.

वसंतचं घर वाडीत, मागे पोफळी. आमच्याकडे पाहुण्याला गूळ-पाणी देतात, तिथे शहाळं दिलं. त्याची आई प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून खाटेवरून सगळं घर चालवत होती. बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. घरात बोटीवरून आणलेला मोठा टू-इन-वन रेडिओ-टेप होता, त्यावर झालर शिवलेलं कापड घातलेलं.

"मुलीला काय काय येतं?" आईंनी विचारलं.

आबा म्हणाले, "आमच्या सूनबायला विचारा." आणि सगळे माझ्याकडे वळले.

मी कसंबसं म्हटलं, "शालूलाच विचारा."

आबांनी मान डोलावली. "बरोबर. तिलाच विचारा."

मग शालूनेच विचारलं. वसंतकडे सरळ बघून म्हणाली, "बोटीवर गेल्यावर पत्र कधी येतं?"

"बंदराला लागलो की," तो म्हणाला. "पण मधे दोन-दोन महिने पाणीच असतं. तेव्हा येत नाय. आधीच सांगतो."

"चालेल," शालू म्हणाली.

एवढंच त्यांचं बोलणं. मग तो अंगणात गेला आणि पांढऱ्या सदऱ्यानिशी जीपखाली आडवा झाला. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन म्हणाला, "हा होडीचा बोल्ट कोणी बसवला? फार चांगला बसवलाय." सदरा काळा झाला होता. शालू उठून आत गेली आणि त्याच्या आईला विचारून साबण घेऊन आली.

पाचव्या दिवशी त्यांच्याच अंगणात लग्न झालं. आईचा पाय हलवता येत नव्हता, म्हणून मंडप खाटेभोवती घातला. तीन दिवसांनी वसंत बोटीवर गेला. शालू तिथेच राहिली.

घरी

येताना जीपमध्ये मी, आबा आणि बाळूभावजी एवढेच होतो. समोरचा बाक रिकामा होता. वाटेत आबांनी मला विचारलं, "सूनबाय, तिचं चांगलं होईल ना?" मी म्हटलं, "मला माहीत नाही आबा. पण तिला जायचं होतं." त्यांनी हात जोडले.

आता ते मला सगळं विचारतात. घर कधी शाकारायचं, बी कुठलं पेरायचं. गावातल्या दोन बायकाही येऊन गेल्या, एकीच्या म्हशीचं, एकीच्या मुलाचं विचारायला. मी त्यांना सांगते की मला देवाचं काही कळत नाही, जे दिसतं तेवढं सांगते. त्यांना तेही खरं वाटत नाही. मी तोंड उघडलं की सगळे आधी हात जोडतात आणि मग ऐकतात. हात नसते जोडले, नुसतं ऐकलं असतं, तरी मला चाललं असतं.